चार कॉलेजं, एक भाची आणि भरपूर वाद

कट ऑफ, प्लेसमेंट, हॉस्टेलची फी आणि घरापासूनचं अंतर. कॉलेज निवडताना आपल्या आई-बाबांनी याच चार गोष्टी बघितल्या. आपण त्यात पाचवी घातली, ती म्हणजे कँटीन. आता बारावी झालेल्या पोरांना सहावी गोष्टही लागते आणि ती विचारताना ती जराही लाजत नाहीत. 'तिथलं पॉलिटिक्स कसलं आहे?'

हसू नका. माझ्या भाचीनं यासाठी चक्क एक्सेल शीट केलं होतं. कॉलेजचं नाव, विषय, फी, हॉस्टेल आणि शेवटचा रकाना 'विचार जुळतात का?' त्यात हो, नाही किंवा 'चौकशी करणे'. तिला बी.ए.ला पॉलिटिकल सायन्स घ्यायचंय आणि तीन वर्षं अशा जागी काढायचीत, जिथं आपल्यासारखा विचार करणारी माणसं असतील. तिचे विचार कुठले, ते मी इथं सांगणार नाही. सांगितले तर निम्मे वाचक इथंच पान उलटतील.

भाऊजींना हा रकाना बिलकूल मान्य नव्हता. त्याला कारण होतं. ते नव्वदीच्या सुरुवातीला कॉलेजात असताना त्यांचा एक रूममेट इलेक्शनच्या मारामारीत सापडला. हात उचलला की नाही कुणास ठाऊक, पण पोलीस केसमध्ये नाव आलं. पुढे सरकारी नोकरीची परीक्षा पास होऊनही चारित्र्य पडताळणीत गाडी अडली. 'पॉलिटिक्स करायचं तर डिग्री घेऊन कर,' हे भाऊजींचं वाक्य घरात सुविचारासारखं भिंतीवर लावायचं राहिलंय. त्यात बाप-लेकीची मतं एकदम दोन टोकांची. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपासून त्यांच्याकडे जेवताना टीव्ही बंद असतो. ताईनं तो बंद केला, घर शांत राहावं म्हणून.

शेवटी ताईचाच फोन आला. 'तू तिला घेऊन जा. चार कॉलेजं दाखव, डोकं ताळ्यावर येईल.' कुणाचं डोकं, ते तिनं सांगितलं नाही. मी ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली, गाडीत पेट्रोल भरलं आणि मे महिन्याच्या भर उन्हात आम्ही निघालो.

दिल्ली अभी दूर है

शीटवर पहिलं नाव अर्थातच जेएनयू. पण जरा खोलात गेल्यावर कळलं की तिथं बी.ए. आहे ते परकीय भाषांचं. पॉलिटिकल सायन्स एम.ए.पासून. म्हणजे पोस्टरनं भरलेल्या भिंती, गंगा ढाब्यावरचा चहा आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी अध्यक्षपदाची डिबेट यांना तीन-चार वर्षं थांबावं लागणार. मग दिल्ली युनिव्हर्सिटी? तिथं २०२२ पासून सीयूईटीच्या मार्कांवर प्रवेश आणि त्या परीक्षेत भाचीबाईंचं गणित जमलेलं नाही.

दिल्लीत मुलं आपला प्रेसिडेंट मत देऊन निवडतात, याचंही तिला भारी आकर्षण. आपल्याकडे तो प्रकारच नाही. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, वातावरण पेटलं आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकांना रामराम ठोकला. प्रतिनिधी मार्कांवर नेमायचे, असं ठरलं. २०१६ च्या कायद्यात निवडणुका पुन्हा आल्या, २०१९ मध्ये त्या होणार असं जाहीरही झालं आणि मग त्या पुढे ढकलल्या गेल्या. थोडक्यात, अठराव्या वर्षी आपली मुलं खासदार निवडू शकतात, पण कॉलेजचा जी.एस. नाही.

'मग इथं पॉलिटिक्सच नाही!' भाची वैतागली.

खरंतर उलट आहे. विचार डोक्यात ठेवून कॉलेजं काढण्याचा जेवढा नाद महाराष्ट्राला होता, तेवढा क्वचितच कुणाला असेल. म्हणून आम्ही रूट ठरवला तो मुंबई, पुणे, सातारा आणि छत्रपती संभाजीनगर असा. प्रत्येक ठिकाणी असं एक कॉलेज, जे कुणीतरी ठाम मत असलेल्या माणसानं उभं केलं. म्हटलं, बघू तरी त्या मतांचं पुढे काय झालं.

स्टॉप १: फोर्ट, सकाळी आठ वाजता

सीएसएमटीहून फ्लोरा फाउंटनकडे जाणाऱ्या डी. एन. रोडवरून आपण हजारदा जातो. कमानींखालच्या फुटपाथवर मोबाइल कव्हर, बेल्ट आणि गॉगल बघत. त्याच रस्त्यावर आनंद भवन आहे आणि त्यात सिद्धार्थ कॉलेज. ना मोठं गेट, ना लॉन, ना 'आय लव्ह' लिहिलेला सेल्फी पॉइंट. माहीत नसेल तर पुढे निघून जाल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी, जून १९४६ मध्ये, हे कॉलेज सुरू झालं. इथली खासियत म्हणजे वर्ग सकाळचे. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलाला शिकता यावं, म्हणून. कॉलेजचे विचार काय, हे त्या टाइमटेबलमध्येच लिहिलेलं होतं.

आणखी एक गोष्ट भाचीला जाम आवडली. या कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट असायची. एका बाजूला सरकार, समोर विरोधी पक्ष, रीतसर बिलं, रीतसर चर्चा. जानेवारी १९५० मध्ये खुद्द बाबासाहेब या पार्लमेंटमध्ये हिंदू कोड बिलावर बोलले होते. देशाचे कायदामंत्री ज्या बिलासाठी दिल्लीत झगडत होते, ते बिल त्यांनी विशी-बाविशीतल्या पोरांपुढे मांडलं.

जिन्यात एक मुलगा भेटला. एटीकेटीचा फॉर्म भरायला आला होता, दुपारी मस्जिद बंदरला एका फॉरवर्डिंग एजंटकडे कामाला जातो. भाचीनं थेट मुद्द्याला हात घातला. 'इथं सगळे एकाच विचारांचे असतील ना?'

तो खो खो हसला. 'एकाच विचारांचे? ताई, रिपब्लिकन पक्षाचे गट किती आहेत, मोजलेत का कधी? आमच्या ग्रुपमध्ये चार मित्र आहेत. फोटो सगळ्यांच्या घरी एकाचाच, पण मतदान चौघांचं चार ठिकाणी.' मग घड्याळ बघून म्हणाला, 'मला सकाळचं कॉलेज पाहिजे होतं, म्हणून आलो. विचार नंतर आले.'

आम्ही इराण्याकडे ब्रून मस्का खाल्ला. भाचीनं शीट उघडलं आणि 'हो' खोडून 'चौकशी करणे' लिहिलं.

स्टॉप २: एफसी रोड, पुणे

पुण्यात शिरल्यावर आधी वैशाली. बाहेरच्या यादीत नाव लिहा, अर्धा तास उभे राहा, मग एसपीडीपी. हा नियम कुठल्याही विचारसरणीला चुकलेला नाही.

समोरच्या फर्ग्युसनबद्दल मला वाटायचं की आपल्याला सगळं माहीत आहे. पण भाचीला सांगायला लागल्यावर जाणवलं की हे कॉलेज म्हणजे एका भांडणाचं दगडी स्मारक आहे. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले दोस्त. दोघांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि २ जानेवारी १८८५ ला कॉलेज सुरू झालं. स्वदेशी माणसांचं कॉलेज, पण नाव मुंबईच्या गव्हर्नरचं, सर जेम्स फर्ग्युसन यांचं. त्यांनी १२०० रुपये देणगी दिली होती. ही अ‍ॅडजस्टमेंट त्या काळातही चालायची!

मग दोस्तीत बिनसलं. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा वाद आपण शाळेत शिकलो. पण टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, त्यात अगदी ऑफिससारखी कारणंही होती. आजीव सदस्यांनी बाहेरची कामं घ्यावीत का, जादा पैसे घ्यावेत का, वगैरे. टिळकांकडे 'केसरी' राहिला. आगरकरांनी आधीच 'सुधारक' काढला होता, पुढे ते प्रिन्सिपल झाले. सनातन्यांनी तर जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, आगरकर गेले आणि त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी, 'केसरी'त.

आता पुढचा किस्सा ऐका. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात पुढे होता तो फर्ग्युसनच्या हॉस्टेलमधला विनायक सावरकर नावाचा विद्यार्थी. प्रिन्सिपल होते रँग्लर परांजपे, पक्के बुद्धिवादी आणि नेमस्त. त्यांनी दहा रुपये दंड केला आणि हॉस्टेलमधून नाव काढलं. टिळकांनी 'केसरी'तून प्रिन्सिपलना धारेवर धरलं. आज तीच हॉस्टेलची खोली कॉलेजनं आठवण म्हणून जपली आहे. पुढच्या काळात समाजवादी एस. एम. जोशी इथंच शिकले. पी. व्ही. नरसिंह राव आणि व्ही. पी. सिंह हे दोन पंतप्रधानही फर्ग्युसनचे विद्यार्थी.

'म्हणजे हे कॉलेज नक्की कुणाचं?' भाचीनं विचारलं. शीटवरचा रकाना तिला आता अडचणीचा व्हायला लागला होता.

संध्याकाळी आम्ही मागच्या टेकडीवर गेलो. टेकडीवर एक वेगळंच पुणं असतं. रिटायर्ड काकांचे वॉकिंग शूज, स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे ग्रुप, हातात हात घालून बसलेली जोडपी. आमच्या शेजारी दोन मुलं आरक्षणावर जोरदार भांडत होती. एकाचा आवाज इतका चढला की मी पर्स आवरायला घेतली. तेवढ्यात दुसरा म्हणाला, 'बरं, इकॉनॉमिक्सच्या नोट्स आणल्यास का?' पहिल्यानं सॅकमधून झेरॉक्सचा गठ्ठा काढून दिला आणि वाद होता तिथून पुढे सुरू!

भाची त्या गठ्ठ्याकडे बराच वेळ बघत होती. घरी टीव्ही बंद करावा लागतो, हे तिच्या डोक्यात आलं असावं. माझ्या तर आलंच.

स्टॉप ३: सातारा, मुक्काम पोस्ट पंगत

पुणे-सातारा ११० किलोमीटर. खंबाटकी घाट ओलांडला की हवा बदलते आणि साताऱ्यात शिरलं की कंदी पेढ्याच्या दुकानापुढे गाडी आपोआप थांबते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. भाऊराव सत्यशोधक चळवळीतले. त्यांचं पहिलं मोठं काम कॉलेज नाही, तर बोर्डिंग. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहतील, स्वतः रांधतील आणि एका पंगतीत जेवतील. शंभर वर्षांपूर्वीच्या साताऱ्यात ही केवढी मोठी गोष्ट होती! १९२७ मध्ये गांधीजी इथं येऊन गेले. बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रसुद्धा.

१९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. मोठ्या देणगीच्या बदल्यात कॉलेजचं नाव बदला, अशी ऑफर आली आणि भाऊरावांनी ती धुडकावली, असं इथं प्रत्येक जण अभिमानानं सांगतो. पण ताठ मानेची किंमतही मोजावी लागली. १९४८ मध्ये मुंबई सरकारवर टीका केल्यावर संस्थेचं सरकारी अनुदान थांबलं. ते पुढे पुन्हा सुरू झालं खरं, पण मधल्या काळात शेकडो शाळा चालवायच्या कशा? मत मांडलं की बिल येतं आणि ते कधीकधी भलत्याच माणसाच्या नावावर फाटतं.

हे ऐकून भाची गप्प झाली. तिला भाऊजींचा तो रूममेट आठवला असेल का? मी विचारलं नाही.

कॉलेजजवळच्या चहाच्या टपरीवर माण तालुक्यातल्या दोन मुली भेटल्या. परीक्षा चालू होत्या, हातात नोट्स. भाचीनं तिचा नेहमीचा प्रश्न टाकला. 'इथले लोक कुठल्या विचारांचे आहेत?'

'विचारांचे म्हणजे?' एकीनं विचारलं. मग दुसरी म्हणाली, 'आमच्याकडं शेवटची एस.टी. लवकर जाती. ती चुकली की घरी बोलणी, दोनदा चुकली की कॉलेज बंद. मागं आम्ही पंधरा-वीस पोरी मिळून डेपो मॅनेजरला निवेदन द्यायला गेलतो. ते पॉलिटिक्स म्हनायचं का?'

'मग? गाडी मिळाली?'

'अर्धा तास उशिरा सुटती आता.'

भाचीनं आयुष्यात अनेक विषयांवर ठाम मतं मांडली आहेत. इन्स्टावर, घरी आणि सोसायटीच्या गणेशोत्सवात. पण तिच्या मतामुळे एकही गाडी अजून अर्धा तास उशिरा सुटलेली नाही. 'त्या पंधरा-वीस जणी सगळ्या एका पार्टीच्या होत्या?' तिनं शेवटचा प्रयत्न केला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. 'एका रूटच्या होत्या.'

रात्री लॉजवर भाऊजींचा फोन आला. 'काय, सापडलं का हिला हवं तसं कॉलेज?' मी म्हटलं, 'भाऊजी, तुम्ही जेवताना टीव्ही लावायला लागा.' ते काहीच बोलले नाहीत.

स्टॉप ४: नागसेनवन

साताऱ्याहून पुन्हा पुणे आणि तिथून नगर रोडनं सुमारे २३५ किलोमीटर. मे महिन्यात हा रस्ता म्हणजे तव्यावरची भाकरी. संध्याकाळी संभाजीनगरला पोचलो, तेव्हा आम्हा दोघींनाही विचार वगैरे काही नव्हते. फक्त नान-खलिया हवा होता.

सकाळी नागसेनवन. मोठी झाडं, पसरलेला परिसर, दगडी इमारती आणि सावलीत सतरंज्या टाकून एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तेव्हा १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथं कॉलेज सुरू केलं. सप्टेंबर १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. हेच मिलिंद महाविद्यालय. 'अस्मितादर्श' नियतकालिकाचे गंगाधर पानतावणे इथंच शिकवायचे. दलित साहित्याच्या कितीतरी वाटा या झाडांखालून गेल्या.

इथून जवळच विद्यापीठ आहे. त्याच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत दलितांची घरं पेटवली गेली, माणसं मारली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका पाटीवरच्या नावासाठी सोळा वर्षं. विद्यापीठाच्या गेटसमोर आज मुलं फोटो काढतात. आम्हीही काढला. मग तिथल्या एका काकांनी सांगितलं की त्यांचं घर जळलं, तेव्हा ते सहावीत होते. पुस्तकं जळाली म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत जावं लागणार नाही, याचा त्यांना आधी आनंद झाला होता. 'लहान होतो,' ते म्हणाले. पुढे ते शिकले ते नागसेनवनातच.

भाचीनं फोन बॅगेत टाकला. एक्सेल शीट त्या दिवशी उघडलं नाही.

कॉलेजला 'मिलिंद' नाव का? मला वाटायचं, असेल एखादं बौद्ध परंपरेतलं नाव. पण गोष्ट त्याहून रंगतदार आहे. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. वादात कुणाला न हरणारा, असा त्याचा लौकिक. त्याला भेटला भिक्खू नागसेन. दोघांचे प्रश्न आणि उत्तरं म्हणजे 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ. त्यात चर्चेला बसण्याआधी नागसेन राजाला एक अट घालतो. पंडितांसारखी चर्चा करणार असशील तर बसतो, राजांसारखी करणार असशील तर नाही. फरक काय? पंडितांच्या चर्चेत मुद्दे उलगडतात, खोडले जातात, चूक कबूल केली जाते आणि तरी कुणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत जो विरोधात बोलला, त्याला शिक्षा. राजा अट मान्य करतो आणि मगच बोलणं सुरू होतं.

बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचं. दोघंही एकाच आवारात!

परतीच्या वाटेवर, नगरच्या अलीकडे एका ढाब्यावर, भाची म्हणाली, 'मावशी, आपल्या घरी चर्चा राजासारखी होते ना?'

'कोण राजा?'

'पप्पा.' मग थोडं थांबून, 'आणि मी पण. पाळीपाळीनं.'

मग ठरलं काय?

घरी आल्यावर तिनं 'विचार जुळतात का?' हा रकाना उडवला. त्या जागी तीन नवे आले. इथं माझ्या विरोधातलं मत असलेली मुलं मोकळेपणी बोलतात का? बोललं म्हणून मार्क, हॉस्टेल किंवा स्कॉलरशिप धोक्यात येते का? आणि इथं शिकायला कुणाला परवडतं, म्हणजे वर्गात माझ्या शेजारी कोण बसणार? पहिला पुण्याच्या टेकडीवर सुचला, दुसरा साताऱ्यात आणि नागसेनवनात, तिसरा फोर्टच्या जिन्यात.

या रकान्यांत 'हो' किंवा 'नाही' एवढं पुरत नाही, ही तिची नवी तक्रार. एकाच कॉलेजात एका विभागात मोकळं वातावरण आणि पलीकडच्या विभागात चिडीचूप, असंही असतं. प्रिन्सिपल बदलले की हवा बदलते. टिळक-आगरकरांच्या कॉलेजात पाच-सहा वर्षांत काय काय झालं, ते बघितलंच ना! त्यामुळे गेटवरच्या नावावरून आणि संस्थापकांच्या पुतळ्यावरून अंदाज बांधायचा नाही, आत जाऊन चहा प्यायचा, असं तिनं ठरवलं. दोन कॉलेजांत ती एकटी जाऊन आलीसुद्धा.

भाऊजींनीही एक प्रश्न जोडायला लावला. भांडण झालं, मारामारी झाली, तर कॉलेज पोलिसांना आधी बोलावतं की आधी मुलांशी बोलतं? भाचीनं तो चौथा रकाना मुकाट्यानं टाकला. मला वाटतं, शीटमधला सगळ्यात शहाणा रकाना तोच.

अ‍ॅडमिशन पुण्यात झाली. कुठल्या कॉलेजात, ते छापू नकोस, अशी तिची अट आहे. सोडायला ताई, भाऊजी आणि मी, तिघंही गेलो होतो. हॉस्टेलच्या खोलीत रूममेट आधीच आलेली. चुणचुणीत, हसरी, विदर्भातली. पाच मिनिटांत कळलं की तिची सगळी मतं डिट्टो भाऊजींसारखी. भाऊजी इतके खूश झाले, की खुर्ची ओढून बसलेच. आरक्षण, शेतमालाचे भाव, मराठी शाळा, एकेक विषय निघत गेला आणि प्रत्येक वाक्याला ती 'बरोबर आहे काका'. भाची पलंगावर बॅग धरून बसली होती. जिच्यासाठी घर सोडलं, ती चर्चा तिच्या आधी खोलीत येऊन बसली होती!

दोन महिने झाले. दोघी अजून त्याच खोलीत आहेत. परवा भाचीचा फोन आला, तेव्हा मागून आवाज आला, 'अगं, तिला सांग ना, कालचा मुद्दा मीच जिंकले.'

कॉलेज बघायला निघताय?

कधी जाल: सुट्टीत इमारती दिसतात, कॉलेज दिसत नाही. परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत जा. मुलं असतात आणि बोलायला तयारही असतात.

कुठे बसाल: कँटीन, झेरॉक्सचं दुकान आणि बसस्टॉप. प्रॉस्पेक्टसमध्ये नसलेली सगळी माहिती या तीन ठिकाणी मिळते.

काय बघाल: नोटीस बोर्ड. डिबेट, स्ट्रीट प्ले, व्याख्यानं यांचे कागद लागतात का, की फक्त फी भरण्याच्या तारखा? व्याख्यानांत वेगवेगळ्या मतांचे पाहुणे आहेत का?

काय विचाराल: 'तुमचे विचार काय?' हा प्रश्न टाळा. 'मागच्या वर्षी इथं कशावरून भांडण झालं आणि ते मिटलं कसं?' हे विचारा. उत्तर आलं, तर ऐकत बसा. 'आमच्याकडे भांडणं होतच नाहीत,' असं कुणी म्हणालं, तर चहा संपवा आणि पुढच्या कॉलेजकडे निघा.

काय न्याल: पाण्याची बाटली, टोपी आणि घरात ज्याचं तुमच्याशी अजिबात पटत नाही असा एक माणूस. रस्ता लांब असला की बोलावंच लागतं.